दारावर थाप कोणाची?

मुंबईत आर्थर रोडवर, म्हणजे आताच्या साने गुरुजी मार्गावर, तुरुंगापासून जवळच कस्तुरबा रुग्णालय आहे. महापालिकेचं, साथरोगांसाठीचं. ११ मार्च २०२० रोजी मुंबईत करोनाच्या पहिल्या दोन रुग्णांची नोंद झाली तेव्हा ते दोघं इथेच दाखल होते. पुढचे काही आठवडे शहरभरातून लोक इथे तपासणीसाठी येत राहिले. घाबरलेले होते, रांगेत होते, पण स्वतःच्या पायांनी येत होते.

त्याआधी सव्वाशे वर्षं याच रुग्णालयाचं नाव आर्थर रोड हॉस्पिटल होतं. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार त्याच्यावर चालून गेले. प्लेग झालेल्यांना इथे आणून मारतात, अशी त्यांची खात्री होती.

शहर तेच, रुग्णालय तेच, पालिकाही तीच. १८८८ मध्ये झालेला मुंबई महापालिकेचा कायदा आजही लागू आहे. मग मधल्या काळात बदललं काय? विज्ञान बदललं, हे तर उघड आहे. पण साथीच्या काळात पालिका नावाचं यंत्र कसं वळतं, कुठे अडतं आणि कशाने चालतं, हे मी या दोन साथींच्या नोंदी समोरासमोर ठेवून वाचू लागलो, तेव्हा माझ्यापुरता एक प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा ठरला. आजारी माणसाच्या दारावर थाप मारायला कोण जातं?

गटारं ओळखणारी पालिका

१८९६ची मुंबई साधारण सव्वाआठ लाखांची. १८६० मध्ये विहारचं पाणी आलं होतं, १८९२ मध्ये तानसाचं. पाणी भरपूर आलं, पण ते वाहून नेणारी गटारं त्या मानाने अपुरी राहिली. पालिकेचं आरोग्य खातं म्हणजे प्रामुख्याने सफाईचं खातं. रस्ते झाडणं, मैला उचलणं, मोऱ्या धुणं, मृत्यूंची नोंद ठेवणं. मैला वाहणाऱ्यांचं खातं सरकारी कागदांत ‘हलालखोर’ या नावाने येतं आणि त्यासाठी घरमालकांकडून वेगळा कर घेतला जाई. थोडक्यात, पालिकेला शहरातली गटारं माहीत होती. त्या गटारांच्या वर, चाळींच्या खोल्यांमध्ये कोण राहतं आणि कसं राहतं, हे जाणून घ्यायची गरज तिला फारशी पडली नव्हती. नगरसेवक निवडून येत, पण त्यांना मत देणारे म्हणजे कर भरणारे मोजके लोक.

त्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस मांडवी भागात, धान्याच्या गोदामांच्या आसपास, माणसं विचित्र तापाने मरू लागली. जांघेत गाठ, प्रचंड ताप आणि काही दिवसांत मृत्यू. तिथे दवाखाना चालवणारे डॉ. अकासियो गाब्रियल व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. ते नगरसेवकही होते. २३ सप्टेंबर १८९६ रोजी त्यांनी पालिकेच्या स्थायी समितीत सांगितलं की हा गाठीचा प्लेग आहे.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. साथीची पहिली खबर कुठल्या खात्याकडून आली नाही. वस्तीत रोज पेशंट तपासणाऱ्या आणि पालिकेत बसणाऱ्या एका माणसाकडून आली. दोन्ही ठिकाणी त्याचा पाय होता म्हणून ती आली.

हुकूम आणि माघार

खबर मिळाल्यावर पालिकेने काय केलं? तिला जे येत होतं तेच, पण खूप जास्त प्रमाणात. आरोग्य अधिकारी डॉ. वीअर यांच्या खात्याने गटारांमध्ये समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक ॲसिड सोडलं. भिंतींना चुना लावला. कोंदट खोल्यांत ऊन यावं म्हणून छपरावरची कौलं काढली. जी घरं राहण्याजोगी नाहीत असं वाटलं, त्यांच्यावर यू. एच. एच. अशी इंग्रजी अक्षरं रंगवली. ‘माणसांना राहण्यास अयोग्य’ या अर्थाच्या शब्दांची ती आद्याक्षरं. रोग घाणीतून, कुजक्या हवेतून येतो अशी तेव्हाची समजूत होती. उंदीर आणि त्यांच्या अंगावरची पिसू यांच्यावर पॉल-लुई सिमोंने बोट ठेवलं ते १८९८ मध्ये, कराचीत. ते मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. त्यामुळे इतकी मेहनत करूनही साथ थांबली नाही.

पण मेहनतीपेक्षा मोठा घोळ घातला तो एका हुकमाने. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी १८८८च्या कायद्याचा आधार घेऊन जाहीर केलं की पालिकेची माणसं कुठल्याही घरात शिरू शकतील आणि प्लेगच्या रुग्णाला, त्याची किंवा घरच्यांची संमती असो वा नसो, रुग्णालयात नेऊ शकतील.

तुम्ही एका खोलीत सहा-सात जण राहता. नळ सामाईक, संडास सामाईक. मुलाला ताप आला आहे. संध्याकाळी पालिकेचा शिपाई येतो आणि त्याला गाडीत घालून घेऊन जातो. तिथे गेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नाहीत, कारण प्लेगवर औषधच नाही आणि रुग्ण नेला जातो तोवर शेवटची अवस्था आलेली असते. आईने भेटायला कसं जायचं, मुलाच्या तोंडात पाणी कोण घालणार, तो गेलाच तर अंत्यविधी कोण करणार, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर हुकमात नाही. मग अफवा उठली. काही दिवसांपूर्वी व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासलं होतं, त्याचा सूड म्हणून राणीने मुंबईकरांची काळजं मागवली आहेत आणि ती या रुग्णालयात काढतात! ही अफवा वाचून आज हसू येतं. पण माहिती द्यायची सोय कोणीच केली नसेल तर ती जागा असं काहीतरी भरून काढणारच.

लोकांनी रुग्ण लपवले. प्लेगचे मृत्यू साध्या तापाच्या नावावर नोंदले गेले. म्हणजे हुकमामुळे पालिकेला जे दिसायला हवं होतं नेमकं तेच दिसेनासं झालं. ऑक्टोबरच्या अखेरीस हल्ला झाला आणि लगेच आयुक्तांना हुकूम बराचसा सैल करावा लागला.

स्नो यांनी माघारीचं एक कारण दिलं आहे, ते वाचण्यासारखं आहे. त्यांना सगळ्यात मोठी भीती दंगलीची नव्हती. मैला आणि कचरा उचलणारे कामगार घाबरून गावी निघून गेले तर काही दिवसांत मुंबई राहण्यालायक उरणार नाही, ही ती भीती. शहर सोडून लोक जातच होते. थंडी संपेपर्यंत जवळजवळ निम्मं शहर रिकामं झालं. व्यापारी गेले तर व्यापार बंद, गिरणी कामगार गेले तर गिरण्या बंद. पण सफाई कामगार गेले तर सगळंच बंद. जातीने सगळ्यात खाली ढकललेल्या, सर्वांत कमी पगाराच्या या माणसांवर अख्खं शहर उभं आहे, हे साथीने आयुक्तांच्या लेखणीतून वदवून घेतलं.

लष्कराच्या हाती शहर

माघार सरकारला आवडली नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. मार्चच्या सुरुवातीला मुंबईसाठी ब्रिगेडियर जनरल गटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. चार सदस्यांत आयुक्त स्नो होते, एक डॉक्टर, एक इंजिनिअर. नगरसेवक नव्हते. प्लेगचं काम निवडून आलेल्या पालिकेच्या हातून काढून घेतलं गेलं.

घरोघर तपासणीची पथकं निघाली. रेल्वे स्थानकांवर उतारूंच्या काखा आणि जांघा तपासल्या जाऊ लागल्या, बायकांच्याही. गटॅकर स्वतः जातीजमातींच्या पुढाऱ्यांशी बोलून घेणारे होते, म्हणून मुंबईत प्रकरण काही काळ तरी आटोक्यात राहिलं. पुण्यात तसं झालं नाही. तिथे प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड होते आणि घरांची झडती घ्यायला गोरे सोजीर. देवघरात बूट, माजघरात झडती, सामान रस्त्यावर आणून जाळणं. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय झालं, ते शाळेच्या पुस्तकात आपण सगळे वाचतो. पण चापेकर बंधूंपाशी ती गोष्ट थांबते आणि तिच्या मुळाशी असलेला प्रशासनाचा प्रश्न मागे राहतो. रँड यांच्या समितीने साथीचं काम म्हणजे शोधमोहीम समजलं. ज्या घरात रुग्ण आहे ते घर गुन्हेगाराचं.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत दुसरी रीतही दिसते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करत होते. त्यातच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. टिळकांनी सरकारी पद्धतीवर ‘केसरी’तून कडक टीका केली आणि हिंदूंसाठी वेगळं प्लेग रुग्णालय उभं करायलाही हातभार लावला. राजकारणात ही दोन टोकं. पण आजारी माणसापर्यंत पोहोचायचं तर त्याच्या ओळखीच्या कोणीतरी जावं लागतं, हे दोन्हीकडे उमगलं होतं.

मुंबईत ते उमगायला आणखी एक दंगल व्हावी लागली. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून भडका उडाला. गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर सरकारने सूर हळूहळू बदलला. सक्ती कमी झाली. जातीजमातींची वेगवेगळी रुग्णालयं आधीच निघाली होती, त्यांना उत्तेजन मिळालं. तिथे घरचं माणूस उशाशी बसू शकत होतं, आपल्या रीतीचं अन्न मिळत होतं. तपासणीला गोऱ्या अधिकाऱ्याऐवजी देशी डॉक्टर चालेल असं ठरलं. वस्तीतले प्रतिष्ठित लोक स्वयंसेवक म्हणून आले. आणि काम पुन्हा महापालिकेकडे परतलं.

आर्थर रोड रुग्णालयाचं काय झालं? तिथे डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी साथीची वर्षं काढली. हल्ला पाहिलेली ती जागा पुढेही रुग्ण घेत राहिली. लोक तिथे जायला लागले ते प्रेमाने नाही, पण भीती ओसरत गेली. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. पुढे ती सक्तीने न देता, समजावून देण्याकडे कल राहिला.

पालिका कमी पडली तेव्हा

१९१८च्या इन्फ्लुएन्झाची गोष्ट मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात पालिकेच्या करण्यासारखं थोडं आणि बघत बसण्यासारखं फार होतं. जूनमध्ये गोदीतले पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांच्या खात्याला हा आजार ओळखायला वेळ मिळाला नाही. पावसाळ्यानंतरची दुसरी लाट तर भयानक होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. महायुद्धामुळे डॉक्टर कमी, धान्य महाग.

तेव्हा चाळींत औषध आणि दूध पोहोचवायला स्वयंसेवक गेले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेली सोशल सर्व्हिस लीग होती, वेगवेगळ्या जमातींच्या संस्था होत्या, डॉक्टरांच्या संघटना होत्या. पालिकेने औषधं दिली आणि वाटप त्यांच्यावर सोपवलं. १८९६ मध्ये अविश्वासाने वागणारी पालिका बावीस वर्षांनी नाइलाजाने का होईना, लोकांवर विसंबली.

चोवीस खोल्या

आता २०२०. मार्चमध्ये महाराष्ट्र सरकारने साथरोग कायदा लागू केला. तोच, १८९७चा. सुरुवातही ओळखीची होती. सगळा कारभार वरून, एका ठिकाणाहून. एप्रिल-मेमध्ये ज्यांनी कोणासाठी खाट शोधली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. हेल्पलाइनचा नंबर एकच, तो लागायचा नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आला की घाबरलेला माणूस मिळेल त्या रुग्णालयाच्या दारात. एकीकडे लक्षणं नसलेले लोक खाटा अडवून आणि दुसरीकडे धाप लागलेले लोक रिक्षात. १८९६ प्रमाणेच लोक शहर सोडून निघाले, या वेळी चालत.

मग पालिकेने यंत्र उलटं फिरवलं. मुंबईचे तेव्हा २४ प्रशासकीय वॉर्ड होते. प्रत्येक वॉर्डात एक वॉर रूम उघडली. नाव लष्करी आहे, पण काम घरगुती. प्रयोगशाळांनी अहवाल रुग्णाला परस्पर न देता आधी पालिकेला द्यायचे. पालिका ते वॉर्डनुसार वाटणार. मग वॉर्डातून रुग्णाला फोन जाणार. त्रास किती, घरात वेगळी खोली आहे का, संडास स्वतंत्र आहे का, म्हातारं माणूस कोण. उत्तरावरून ठरणार की खाट, विलगीकरण केंद्र की घर. खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटा सरकारने ताब्यात घेतल्या होत्या, त्यांचं वाटपही या यंत्रणेतून होऊ लागलं.

फोनवर कोण होतं? डॉक्टर होते, पण इतर खात्यांतून आणलेले कर्मचारीही होते. माझी मावशी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवायची. शाळा बंद, म्हणून तिला आधी शिधावाटपाला लावलं आणि मग वॉर्डातल्या फोनवर बसवलं. ती सांगते, पहिल्या दिवशी दिलेली प्रश्नांची यादी तिने जशीच्या तशी वाचली तर समोरच्याने फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवसापासून ती म्हणू लागली, ‘काका, मी पालिकेच्या शाळेतली बाई बोलतेय, आत्ता कसं वाटतंय?’ शाळेतली बाई म्हटल्यावर लोक बोलायचे. एका घरी तर तिच्याच जुन्या विद्यार्थिनीने फोन उचलला. त्या घरात आणखी दोघांना ताप होता, तो त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. तिला सांगितला.

१८९६ मध्ये लपवलेले रुग्ण शोधायला झडती घ्यावी लागली आणि तरी ते सापडले नाहीत. इथे एका ओळखीच्या हाकेवर दोन सापडले.

हेच मोठ्या प्रमाणावर धारावीत झालं. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला. दोन-अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसं, आणि बहुतेकांना सार्वजनिक संडास. घरीच विलग राहा, हा सल्ला तिथे निरर्थक होता. जी उत्तर वॉर्डाने शाळा, मंगल कार्यालयं, क्रीडा संकुल ताब्यात घेऊन विलगीकरण केंद्रं केली. धारावीतच दवाखाने चालवणाऱ्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं, त्यांना संरक्षक पोशाख दिले आणि तपासणीला त्यांनाच पुढे केलं. ज्या डॉक्टरकडे घरातली तीन पिढ्यांची माणसं जातात, तो दारात आला तर दार उघडतं. केंद्रात जेवणाची सोय होती, रमजानमध्ये रोजेदारांचीही. जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने धारावीचं नाव घेऊन कौतुक केलं.

जरा थांबून विचार करा. रुग्णाला घरातून उचलून दुसरीकडे ठेवणं, हे दोन्ही वेळी सारखंच होतं. कायदाही तोच होता. २०२० मध्ये सगळं गोड होतं असं मुळीच नाही. पोलिसांच्या काठ्या होत्या, इमारतीवर फलक लावणं होतं, रुग्णाच्या घराकडे बघून तोंड फिरवणारे शेजारी होते. तरी आर्थर रोडवर या वेळी दगड पडले नाहीत. लोकांना माहीत होतं की आपलं माणूस कुठे आहे, त्याला जेवायला मिळतंय, त्याच्याशी फोनवर बोलता येतंय. आणि त्याला न्यायला आलेलं माणूस अगदीच परकं नाही.

साथीनंतर काय उरतं

प्लेगने मुंबईला एक मोठी संस्था दिली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती, हे सगळं त्याचं काम. आज आपण त्या रुंद रस्त्यांचं कौतुक करतो. पण तो ट्रस्ट पालिकेबाहेर उभा केला होता. त्याने दाटीच्या वस्त्या आधी पाडल्या आणि गरिबांसाठी घरं नंतर बांधली, तीही पाडली त्या मानाने थोडी. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली. १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. प्लेग मात्र देशभर पसरून एक कोटीहून अधिक बळी घेऊन गेला.

म्हणून मला करोनानंतरच्या गोष्टीची काळजी वाटते. जम्बो केंद्रांचे तंबू उतरले, ते ठीकच. पण वॉर रूममध्ये जमलेलं ज्ञान कुठे गेलं? कुठल्या गल्लीत कोण एकटं राहतं, कुठल्या चाळीत दम्याचे रुग्ण आहेत, कुठला डॉक्टर रात्री फोन उचलतो. मावशी शाळेत परत गेली, तिच्या वहीतले नंबर तिच्याच वहीत राहिले. दारोदार फिरलेल्या आरोग्य सेविका मानधनावर होत्या, त्यांचे मोर्चे टाळ्या-थाळ्यांनंतरही निघत राहिले. सफाईचं बरंच काम अजून कंत्राटावर आहे. शहर ज्यांच्यावाचून चालत नाही हे स्नो यांना १८९६ मध्ये कळलं होतं, त्यांची नोकरी पक्की करायचा प्रश्न आला की आजही न्यायालयात जावं लागतं.

आणि आणखी एक. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली. पुढची तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. त्या काळात साथ आली असती तर मांडवीतल्या डॉ. व्हिएगस यांच्यासारखी खबर स्थायी समितीत कोणी दिली असती? समितीच नव्हती.

आपण नगरसेवकाला रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी शिव्या देतो, आरोग्य सेविकेला दारातूनच ‘नाही, घरी कोणी आजारी नाही’ म्हणून वाटेला लावतो. तुमच्या वॉर्डाचं कार्यालय कुठे आहे, तुमच्या गल्लीत येणाऱ्या आरोग्य सेविकेचं नाव काय, हे आज फोनवर शोधू नका. बाहेर जाऊन विचारा. पुढची साथ कधी येईल ते कोणालाच ठाऊक नाही. ती येईल तेव्हा दारावर पडणारी थाप ओळखीची असावी, एवढी तयारी साथ नसतानाच होऊ शकते.